सुट्टीतील वाचन : यादी, पेटी आणि अनामत

मराठी आत्मपर लेखनात उन्हाळ्याच्या सुट्टीतील वाचनाचे एक ठरलेले चित्र आढळते. आजोळचे घर, माडीवरची खोली, फडताळात बांधून ठेवलेले जुने अंक, बाहेर वैशाखाचे ऊन आणि आत पुस्तकात हरवलेले मूल. हे चित्र खोटे नाही. परंतु ते एका विशिष्ट घराचे चित्र आहे, हे आपण सहसा विसरतो. त्या घरात माडी आहे, फडताळ आहे, आणि मुख्य म्हणजे त्या फडताळात आधीच्या पिढीने विकत घेतलेली पुस्तके आहेत. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक कधी आलेच नाही, त्या घरातील मुलाच्या सुट्टीचे काय, हा प्रश्न या स्मरणरंजनात उमटत नाही. हा प्रश्न घराने नव्हे, तर सार्वजनिक ग्रंथालयाने सोडवायचा असतो. ग्रंथालये आज ज्याला ‘उन्हाळी वाचन उपक्रम’ म्हणतात, त्याचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला निरनिराळ्या समाजांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय. ही उत्तरे तपासून पाहावीत आणि आपल्या गावच्या वाचनालयाने मे महिन्याची आखणी करताना त्यांतले काय घ्यावे व काय टाकावे याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या उपक्रमाचा उगम अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. तत्पूर्वी तेथील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांना प्रवेशच नसे. बारा-चौदा वर्षांची वयोमर्यादा सर्रास असे. ही भिंत ज्यांनी पाडली, त्यांत कनेटिकट राज्यातील हार्टफर्डच्या ग्रंथपाल कॅरोलाइन ह्यूइन्स यांचे नाव आधी घ्यावे लागते. १८८२ साली त्यांनी मुलांसाठी निवडक पुस्तकांची मार्गदर्शक यादी प्रसिद्ध केली आणि पुढे सुट्टीच्या दिवसांत त्या मुलांना एकत्र बसवून स्वतः वाचून दाखवू लागल्या. त्यानंतर १८९७ मध्ये क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ‘लायब्ररी लीग’ नावाचे बालवाचकांचे मंडळ स्थापन केले. लिंडा ईस्टमन यांच्या पुढाकाराने चाललेल्या या मंडळात सभासद होणारे मूल पुस्तके स्वच्छ हातांनी हाताळण्याची आणि त्यांची निगा राखण्याची प्रतिज्ञा करी; सुट्टीत वाचण्याजोग्या पुस्तकांची यादीही त्याला मिळे. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात फ्रान्सिस जेन्किन्स ओल्कॉट यांच्याकडे १८९८ पासून बालविभागाची सूत्रे आली. तेथे ग्रंथालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुले ग्रंथालयात येत नसतील, तर पुस्तके आणि गोष्टी सांगणारी माणसे मुलांच्या उन्हाळी क्रीडांगणांवर जाऊ लागली.

या तीन उदाहरणांत तीन निरनिराळ्या कल्पना दडलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. हार्टफर्डची कल्पना सहवासाची आहे : वाचणारे मोठे माणूस आणि ऐकणारे मूल. क्लीव्हलंडची कल्पना शिस्तीची व नोंदीची आहे : सभासदत्व, प्रतिज्ञा, यादी. पिट्सबर्गची कल्पना पोहोचण्याची आहे : वाचक जिथे आहे तिथे पुस्तक नेणे. पुढील शतकात जगभर जो उन्हाळी उपक्रम फोफावला, त्यात दुसरी कल्पना सर्वांत जोमाने वाढली. किती पुस्तके वाचली याचे तक्ते भिंतींवर लागले, प्रमाणपत्रे आली, बक्षिसे आली. अशा चढाओढीने वाचनाची गोडी लागते की बक्षिसाची, हा वाद खुद्द अमेरिकन ग्रंथपालांतही गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आलेला आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून चालू असलेल्या उन्हाळी वाचन-आव्हानाने सहा पुस्तकांची माफक मर्यादा रूढ केली आणि पुस्तके मुलाने स्वतः निवडावीत असे ठरवले. नोंद ठेवायची, पण तिचा जाच होऊ द्यायचा नाही, अशी ती तडजोड म्हणता येईल.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो, आणि तो बडोद्यामार्गे येतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले आणि १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ च्या सुमारास तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मात्र सक्तीच्या शिक्षणापाठोपाठ एक अडचण उभी राहते. मूल शाळेत अक्षर शिकते, शाळा सोडते, आणि हाती पुस्तक न आल्यामुळे काही वर्षांत ते अक्षर विसरते. शाळेवर केलेला खर्च टिकवायचा असेल तर शाळेबाहेर पुस्तक असलेच पाहिजे, या विचारातून बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीला बळ मिळाले. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले. बॉर्डन हे न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटमधून आले होते. म्हणजे ह्यूइन्स यांच्याच कनेटिकट राज्यातून. १९१३ पर्यंतच्या तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग चालू केला आणि गावोगावच्या ग्रंथालयांचे जाळे आखले. मध्यवर्ती ग्रंथालयाला महाराजांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह दिला. १९१२ पासून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते, ही बाब मराठीच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बडोद्याच्या व्यवस्थेतील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे पैशाचा हिशेब. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असे तीन समान वाटे होते. गावाचा स्वतःचा वाटा असल्यामुळे ग्रंथालय वरून लादलेले वाटत नसे आणि सरकारचा वाटा असल्यामुळे ते मूठभर वर्गणीदारांपुरते राहत नसे. दुसरी गोष्ट फिरत्या ग्रंथालयांची. निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या संस्थानातील खेड्यांत पाठवल्या जात, काही काळ तिथे राहत आणि मग दुसरीकडे जात. वाहतुकीचा भार गावावर पडत नसे. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि चित्रे दाखवण्याची साधनेही गावोगाव फिरत. याच चळवळीत मोतीभाई अमीन या शिक्षकाने खेड्यातील मित्रमंडळांची लहान लहान वाचनालये उभी केली होती. बॉर्डन येण्यापूर्वीच ती चालू होती, म्हणून या चळवळीला निव्वळ परदेशी आयात म्हणता येत नाही. अमेरिकेतून तंत्र आले. गरज आणि माणसे इथलीच होती.

याच्या शेजारी मुंबई इलाख्यातील मराठी मुलखाचे चित्र ठेवले की फरक उठून दिसतो. आपल्याकडील वाचनालयांचा इतिहास बडोद्याहून कितीतरी जुना आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याची ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ १८४८ ची. पुण्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा सहभाग होता. १८९३ मध्ये ठाण्यात वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. शेवटच्या दोन संस्थांनी इंग्रजी पुस्तकांच्या छायेतून मराठी ग्रंथाला बाहेर काढून त्याचा संग्रह हेच आपले ध्येय मानले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु या साऱ्या संस्था घडल्या त्या वर्गणीदार सभासदांच्या संस्था म्हणून. सभासद कोण, तर वर्गणी व अनामत भरू शकणारा प्रौढ माणूस. घटनेत, नियमावलीत, सर्वसाधारण सभेत मूल कुठेच नव्हते. मोठ्यांच्या कार्डावर एखादे बालपुस्तक घरी गेले तर तेवढेच. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने या संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देण्याची पद्धत आणली. पण ग्रंथालय-कर बसवला नाही आणि संस्थांचे वर्गणीदारी स्वरूपही पालटले नाही. वाचनालय सार्वजनिक असते, म्हणजे सर्वांसाठी उघडे असते. परंतु सर्वांसाठी विनामूल्य असते असे नाही. हा भेद मुलांच्या बाबतीत सर्वांत निर्णायक ठरतो.

‘सर्वांसाठी उघडे’ हे शब्दही आपल्याकडे सहज खरे झालेले नाहीत. क्लीव्हलंडच्या मुलांनी स्वच्छ हातांची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा तिचा अर्थ साबणापुरता होता. ज्या समाजात काही हात जन्मानेच अस्वच्छ ठरवलेले होते, तेथे हीच प्रतिज्ञा किती वेगळी वाजली असती! ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले करावेत अशी त्याची शिफारस होती. या यादीत वाचनालय नाही. ते सरकारी पैशावर चालणारे ठिकाण मानलेच जात नव्हते. ते सभासदांचे होते. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही घातले. जे उघडे नव्हते ते स्वतः उभारावे लागले.

याच संदर्भात एक प्रसिद्ध प्रसंग आम्हांस उन्हाळी वाचनाच्या कोणत्याही तक्त्याहून अधिक बोधप्रद वाटतो. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावांकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष गेले. केळुसकरांनी विचारपूस केली, पुस्तके सुचवली, आपल्याकडची पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यानिमित्त बोल्यांच्याच अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळण्यासाठीही केळुसकरच मध्यस्थ झाले. या घटनेतून थोर माणसाच्या चरित्रातील योगायोग एवढाच अर्थ काढणे पुरेसे नाही. येथे ग्रंथालयाची सर्व कामे एका माणसाने केलेली दिसतात : वाचक ओळखणे, त्याच्या जागी जाणे, त्याला साजेसे पुस्तक निवडणे, अनामत न मागता ते देणे, आणि पुढचे पुस्तक तयार ठेवणे. ज्या काळात संस्था हे करीत नव्हती, त्या काळात व्यक्तीने ते केले. परंतु प्रत्येक मुलाला केळुसकर भेटतील या आशेवर समाज चालवता येत नाही. म्हणून संस्थेने केळुसकर व्हायचे असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुट्टीतील वाचनाच्या प्रश्नाला संशोधनाचीही जोड मिळाली. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गरीब आणि सुस्थित मुलांच्या प्रगतीतील अंतर शाळा चालू असताना फारसे वाढत नाही, ते सुट्टीत वाढते, असे त्यांना आढळले. सुट्टीत मूल किती पुस्तके वाचते आणि ते सार्वजनिक ग्रंथालयात जाते की नाही, या गोष्टींचा त्याच्या शिकण्याशी निकटचा संबंध दिसला. आणि घरापासून ग्रंथालय किती लांब आहे यावर मुलाचे जाणे-न जाणे अवलंबून असल्याचेही दिसले. २०१० मध्ये रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांमधल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग तीन उन्हाळे प्रत्येक मुलाला त्याने स्वतः निवडलेली बारा पुस्तके देण्यात आली, आणि त्या मुलांचे वाचन इतरांच्या तुलनेत सुधारलेले दिसले. सुट्टीत मुले नेमके किती विसरतात, याविषयी मात्र अलीकडे मतभेद आहेत. पॉल फॉन हिपेल यांच्यासारख्या संशोधकांनी २०१९ च्या सुमारास जुन्या चाचण्यांच्या मोजमापातील दोष दाखवून ही घसरण सर्वत्र व सारखी नसते, असे म्हटले आहे. तेव्हा सुट्टीत मुलांची बुद्धी गंजते अशी भीती घालून उपक्रम चालवू नयेत. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याला सुट्टीत पुस्तक मिळाले पाहिजे, हे विधान कोणत्याही चाचणीवाचून उभे राहते. सयाजीरावांच्या काळीही ते तसेच उभे होते.

आता आपल्या तालुक्याच्या गावी एखाद्या वाचनालयाने येता मे महिना कसा आखावा? आमच्या मते पहिला विचार पंचांगाचा हवा. अमेरिकन नमुन्यात मूल संपूर्ण सुट्टीभर त्याच गावात असते, म्हणून दर आठवड्याची हजेरी शक्य होते. आपल्याकडे वार्षिक परीक्षा संपतात आणि मुले पांगतात; कोणी मामाच्या गावाला, कोणी लग्नकार्याला. शाळा साधारण जूनच्या मध्याला आणि विदर्भात त्याहून उशिरा उघडतात. तेव्हा साप्ताहिक हजेरीवर बेतलेला उपक्रम आपल्या सुट्टीशी जुळत नाही. मुलाने जाताना चार-पाच पुस्तके एकदम न्यावीत आणि जूनमध्ये परत आणावीत, अशी सवलत अधिक उपयोगी. म्हणजेच क्लीव्हलंडच्या यादीपेक्षा बडोद्याची पेटी आपल्याला जवळची आहे.

याच पंचांगाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात आणि हंगाम संपल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात, गावी परततात. शाळेच्या वर्षातील मोठा भाग ज्यांच्या हातून निसटतो, त्या मुलांसाठी उन्हाळ्याचे महिने हेच गावात असण्याचे महिने होत. इतरांसाठी जी सुट्टी, तीच यांच्यासाठी पुस्तक भेटण्याची वेळ. अशा गावांत उन्हाळी वाचन उपक्रम हा सुखवस्तू मुलांचा विरंगुळा राहत नाही. तो शिक्षणाच्या हक्काचाच भाग होतो. ज्या वाचनालयाच्या आखणीत हे मूल नाही, त्याची आखणी कितीही नेटकी असली तरी अपुरी आहे.

दुसरा विचार अनामतीचा. शे-दोनशे रुपयांची अनामत ही समितीच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट असते. मजुरी करणाऱ्या घरात ती त्या दिवसाच्या बाजारहाटाशी तोलली जाते. मे-जूनपुरते बालसभासदत्व विनाअनामत करावे, जामीन म्हणून शाळेच्या शिक्षकांची किंवा अंगणवाडीताईंची सही पुरेशी मानावी. काही पुस्तके परत येणार नाहीत, काही फाटून येतील. हे नुकसान उपक्रमाच्या अंदाजपत्रकातच धरावे. पुस्तकाला फुटलेले पान हे पुष्कळदा ते चार घरांत फिरल्याचे चिन्ह असते. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी पहिला सिद्धान्त आपण परीक्षेत लिहितो. कपाटाची किल्ली हाती आली की विसरतो.

तिसरा विचार पुस्तकांच्या निवडीचा, आणि येथे आम्हां मराठीच्या अध्यापकांवर विशेष जबाबदारी येते. बालवाचकासाठी निवड करायला बसलो की आपल्या हातून बोधपर चरित्रे आणि संस्कारकथा यांचाच ढीग रचला जातो. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले, तेव्हा त्याच्या नावातच बालवाचनाचे प्रयोजन सांगितले होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या यांनी मराठी मुलांना वाचक केले ते उपदेशाने नव्हे. १९७१ पासून बालभारतीतर्फे निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यांतील निवडक मजकूर छापून घेऊन लहान वाचनालयही आपला संग्रह वाढवू शकते. यांबरोबरच मुलाच्या घरची बोली, त्याच्या वस्तीचे जग ज्यांत दिसते अशी पुस्तके शोधून ठेवली पाहिजेत. कारण आपल्या घराचा मागमूसही नसलेले पुस्तक मूल परक्याच्या अंगणात उभे राहावे तसे वाचते. अंतिम निवड मात्र मुलाची असावी. सोपे पुस्तक घेतले, चित्रांचे घेतले, तेच पुन्हा घेतले, तरी हरकत नसावी.

राहता राहिला मोजणीचा प्रश्न. अनुदानाच्या कागदपत्रांसाठी आकडे लागतात, हे आम्ही जाणतो. पण कोणत्या मुलाने किती पुस्तके वाचली याऐवजी, या वर्षी कोणत्या वस्तीतून प्रथमच मूल आले, कोणत्या वाडीत पेटी पोहोचली, कोणते पुस्तक किती हातांतून गेले, हे आकडे ठेवावेत. पहिल्या प्रकारची मोजणी मुलाची परीक्षा घेते; दुसऱ्या प्रकारची वाचनालयाची. शाळेने वर्षभर मुलाची परीक्षा घेतलेली असते. सुट्टीत ती वाचनालयाने द्यावी, हे न्याय्य आहे.

आणि शेवटी वाचून दाखवणारे माणूस. ह्यूइन्सबाईंपासून केळुसकरांपर्यंत या इतिहासात यादी आणि पेटी यांच्यामागे नेहमी एक माणूस उभे दिसते. आपल्या तालुक्यांच्या गावी मे महिन्यात अशी माणसे मोकळी असतात. ती आमच्याच महाविद्यालयांतील मराठीची पदवीधर मुले-मुली आहेत आणि त्यांचे अध्यापकही आहेत. सकाळच्या उन्हाआधीचा एक तास, वाचनालयाची ओसरी किंवा वस्तीवरचे समाजमंदिर, आणि एक पुस्तक मोठ्याने वाचणारा आवाज, एवढ्यावर हा उपक्रम सुरू होऊ शकतो. त्याची तयारी मात्र जानेवारीत व्हावी लागते. कारण पुस्तके मागवायची, पेट्या बांधायच्या, शाळांशी बोलायचे आणि समितीकडून अनामतीचा नियम दोन महिन्यांपुरता शिथिल करून घ्यायचा, यास वेळ लागतो. यांतले शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. तेच सर्वांत आधी हाती घ्यावे.